जुनी फंक्शन्स ऑपरेटिंग सिस्टीमनं सांभाळायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या अडतींची आणि दोन पतसंस्थांची सॉफ्टवेअर मी बरीच वर्षं सांभाळतो. संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. दोन्हीकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं येतो. दुकानदार म्हणतात, "काल चालत होतं की ओ, आज काय झालं?" मुलं म्हणतात, "सर, फंक्शन पुस्तकात आहे, मग कंपायलर का नको म्हणतोय?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा तयार कोड, अशा फंक्शन्सचा संच म्हणजे लायब्ररी. प्रोग्रॅमरनं लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स, आणि त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो कंपायलर.

‘डेप्रिकेटेड’ म्हणजे बंद पडलेलं का?

नाही. फंक्शन जागेवर असतं, चालतही असतं. फक्त बनवणाऱ्यांनी सांगून टाकलेलं असतं की नव्या कामाला हे घेऊ नका, पुढेमागे काढून टाकू. आयर्विन पुलाचं उदाहरण दिलं की सांगलीकराला पटकन कळतं. पूल १९२९ सालचा. त्यावर अवजड वाहनांना बंदी घातली, म्हणून तो कुणी पाडला नाही. पण उसानं भरलेला ट्रक त्यावरून काढतो म्हणालात तर अडवणारच.

माझ्या ओळखीचे एक सीए हा शब्द ‘डेप्रिसिएटेड’ असा वाचतात आणि घसाऱ्याचा दर विचारतात. शब्द चुकला, पण ते फार लांब गेले नाहीत. पुस्तकी किंमत शून्यावर आलेली यंत्रं कारखान्यात चालूच असतात की.

फंक्शन ऑपरेटिंग सिस्टीम देते की लायब्ररी? आम्हाला तर सगळं विंडोजच वाटतं.

विंडोजपुरतं ते खरंच आहे. विंडोज १० पासून सी ची रनटाइम लायब्ररी विंडोजबरोबरच येते. मॅक आणि बीएसडी (युनिक्सच्या वंशातल्या ऑपरेटिंग सिस्टीम) घराण्यातही कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि लायब्ररी एकाच छपराखाली. लिनक्सचं वेगळं. कर्नल लिनस टॉरवाल्ड्स आणि मंडळींचा, आणि सी ची लायब्ररी बहुतेक ठिकाणी ग्नू प्रकल्पाची, जिला जीलिबसी म्हणतात. दोन घरं, दोन कारभारी. "लिनक्सनं काढलं" असं कुणी म्हणालं तर कोणत्या कारभाऱ्यानं, हे आधी विचारायचं.

थेट सांगा, ठेवावीत की काढावीत?

जे प्रोग्रॅम आधीच तयार होऊन चालू आहेत त्यांच्यासाठी ठेवावीत. आज नव्यानं कंपाइल करणाऱ्याला देऊ नयेत.

कंपाइल होतं तेव्हा खुर्चीवर प्रोग्रॅमर बसलेला असतो. सोर्स समोर उघडा असतो. त्याला अडवलं तर तो पाच मिनिटं चरफडेल, मग ओळ बदलेल. प्रोग्रॅम चालतो तेव्हा त्याच खुर्चीवर मुनीम असतो. बाहेर सौदे आटोपलेत, शेतकरी पट्टीची, म्हणजे विकल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाची, वाट बघत उभा आहे, हमाल मजुरी मागतायत. अशा वेळी ‘अमुक फंक्शन सापडलं नाही’ असं पडद्यावर इंग्रजीत दाखवून काय साधतं? मुनिमाकडे सोर्स नाही, आणि असता तरी तो त्याचं काय करणार होता? ज्याला दुरुस्त करता येतं त्याच्यापुढे बोंब मारा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण एकच फंक्शन एकाला द्यायचं, दुसऱ्याला नाही, हे जमतं का?

जमतं. लिनक्सवर हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. जीलिबसीतल्या फंक्शनच्या नावाला आवृत्तीची चिठ्ठी लावलेली असते. प्रोग्रॅम तयार होताना त्या वेळची चिठ्ठी त्याच्यात कोरली जाते. पुढे लायब्ररी कितीही नवी आली तरी प्रोग्रॅम जुनीच चिठ्ठी दाखवतो आणि त्याला जुनं फंक्शन मिळतं. एका नावाची दोन फंक्शन्स एका लायब्ररीत शेजारी शेजारी नांदतात.

याची परीक्षा २०१० साली झाली. फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीवर लोकांना फ्लॅश प्लेअरमधला आवाज खरखरत ऐकू यायला लागला. शोधता शोधता बोट मेमकॉपीवर आलं. मेमकॉपी म्हणजे मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारं फंक्शन. नियम असा की दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपी वापरायचं नाही, मेममूव्ह वापरायचं. फ्लॅशनं हा नियम मोडला होता. जुनं मेमकॉपी पुढून मागे उचलत जायचं, त्यामुळे चूक झाकून जात होती. जीलिबसीवाल्यांनी वेगासाठी काही नव्या प्रोसेसरवर मागून पुढे उचलायला सुरुवात केली आणि चूक उघडी पडली.

जीलिबसीच्या बाजूनं बोलणारे म्हणाले, नियम त्यांनी मोडला, आम्ही काय करू? टॉरवाल्ड्स स्वतः त्या वादात उतरले. त्यांचा मुद्दा असा की नियम कुणी मोडला याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नाही, त्याचा आवाज बिघडला आहे. अखेर २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी चिठ्ठी लागली. जुनी चिठ्ठी दाखवणाऱ्याला जागा एकमेकींवर चढल्या तरी न बिघडणारं काम मिळतं, नव्याला नवं.

मेमकॉपी डेप्रिकेटेड नव्हतं, आजही नाही. पण तिथे जमलं ते डेप्रिकेटेड फंक्शनलाही जमतं. ‘गेट्स’ हे सी मधलं सगळ्यात बदनाम फंक्शन जीलिबसीत अजून आहे. जुना प्रोग्रॅम मागेल तर त्याला मिळतं. नवा प्रोग्रॅम सी११, म्हणजे सी च्या २०११ च्या मानकाच्या, किंवा पुढच्या नियमानं कंपाइल केला तर हेडरमध्ये, म्हणजे फंक्शन्सच्या यादीच्या फाइलमध्ये, त्याचं नावसुद्धा दिसत नाही.

‘गेट्स’मध्ये एवढं वाईट काय आहे?

(बिलसाहेबांचा काही संबंध नाही.) ‘गेट्स’चं काम एक ओळ वाचून तुम्ही दिलेल्या जागेत भरायचं. ती जागा केवढी आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. म्हणजे पोतं किती किलोचं हे न बघता वरून हळद ओतत राहणारा माणूस. सांडलेली हळद जमिनीवर पडली असती तर एकवेळ चाललं असतं, झाडून घेतली असती. ती शेजारच्या पोत्यात पडते, आणि ते पोतं दुसऱ्या शेतकऱ्याचं असतं.

आपल्याकडे याचा एक खास फटका बसतो. समजा गावाच्या नावासाठी प्रोग्रॅमनं २० बाइट ठेवलेत. कवठेमहांकाळ इंग्रजीत लिहिलं तर १५ अक्षरं, मजकूर संपला हे सांगणारं शेवटचं शून्य धरून १६ बाइट. आरामात बसतं. तेच मराठीत यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची आजची रीत) टाइप केलं तर काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून ११ चिन्हं होतात आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ३३ आणि शेवटचं शून्य, एकूण ३४. चौदा बाइट शेजाऱ्याच्या घरात. इंग्रजीत तपासून पास झालेला प्रोग्रॅम मराठी नाव टाकलं की का कोसळतो, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

हे जगाला कळायला मराठीची वाट बघावी लागली नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं सोडलेला किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. ती सेवा ‘गेट्स’नं ५१२ बाइटच्या जागेत ओळ वाचायची. किड्यानं ५३६ बाइट पाठवले. वरचे चोवीस बाइट जिथे सांडले तिथून यंत्राचा ताबा मिळत होता.

सी च्या मानकातून ‘गेट्स’ काढलं गेलं २०११ साली. मधे २३ वर्षं गेली. मानक समितीवर हसणं सोपं आहे, पण तोवर जगभर किती प्रोग्रॅम त्यावर उभे होते याचाही विचार करा.

इतकं घातक आहे तर जुन्या प्रोग्रॅमलाही का द्यायचं?

इथे माझी खरी अडचण होते. ओपनबीएसडीनं २०१४ च्या ५.६ आवृत्तीत ‘गेट्स’ सरळ काढून टाकलं. फ्रीबीएसडीनं २०२१ च्या १३ व्या आवृत्तीपासून नवा प्रोग्रॅम त्याला जोडता येणार नाही असं केलं, जुने प्रोग्रॅम मात्र चालत राहिले. मला दुसरी रीत पटते. गल्ल्यावरचा मुनीम स्वतःच्या यंत्रावर हल्ला करायला बसलेला नसतो.

पण तोच प्रोग्रॅम नेटवर्कवरून आलेला मजकूर ‘गेट्स’कडे देत असेल तर तो आज मोडलेला बरा. कोणता प्रोग्रॅम कुठल्या जातीचा हे ऑपरेटिंग सिस्टीमला बाहेरून कळत नाही. म्हणून एक खटका द्यावा, आणि तो कुठल्या बाजूला ठेवायचा ते यंत्राच्या मालकानं ठरवावं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

जुनं ठेवायला काय जातं? डिस्कवर जागाच ती किती लागणार?

जागेचा प्रश्न नाही, राखणीचा आहे. ठेवलेल्या प्रत्येक फंक्शनवर कुणीतरी नजर ठेवावी लागते, आणि जुन्या फंक्शनकडे बघायला कुणाला हौस नसते.

‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देतं. युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या पॉझिक्स मानकानं २००८ साली ते काढलं, त्याच्या जागी ‘गेटॲडरइन्फो’ आधीच आलेलं होतं. जीलिबसीनं मात्र जुनं ठेवलं, आणि ते योग्यच होतं. पुढे जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं की त्या फंक्शनच्या आतल्या कोडमध्ये २००० सालापासून एक भोक आहे, आणि काही प्रोग्रॅमच्या बाबतीत त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. ‘घोस्ट’ म्हणून ते गाजलं. त्यातली बोचणारी गोष्ट अशी की दुरुस्ती २०१३ मध्येच झाली होती. पण ती सुरक्षेची बाब आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं चालणाऱ्या लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती पोचलीच नाही.

जुनं काढा म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि मी तो झटकून टाकत नाही. पण ते फंक्शन २००८ मध्येच काढलं असतं तर किती मेल सर्व्हर त्या दिवशी बंद पडले असते, हेही त्याच कागदावर मांडा.

लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच घातली तर भानगड मिटते का?

अर्धी. पोटात लायब्ररी असलेल्या प्रोग्रॅमला, म्हणजे स्टॅटिक लिंक केलेल्याला, बाहेर काय काढलं नि काय ठेवलं याची फिकीर नसते. पण ‘घोस्ट’सारखी दुरुस्ती आली तर तीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपला डबा घेऊन फिरणाऱ्याला खानावळ बंद पडल्याची चिंता नाही. भाजी आंबली तर ते कळवणारंही कुणी नाही.

नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना पट्टीचा प्रोग्रॅम उघडेना. विंडोजनं फंक्शन काढलं का?

हा प्रश्न आला की मला एक अडत दुकान आठवतं. १९९८ साली टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. वजन, दर, हमाली, तोलाई घातली की डॉट मॅट्रिक्सवर पट्टी निघायची. विंडोज ९८, एक्सपी, नंतर ३२ बिटचं विंडोज ७, सगळ्यांवर चालला. २०२२ मध्ये नवं मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी, ऐन सौद्याच्या वेळी, तो उघडेना.

त्याची सगळी फंक्शन्स, ‘गेट्स’सकट, ईएक्सईच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलीच्या, पोटातच होती. काढलं गेलं ते फंक्शन नव्हे, पायाखालची जमीन. टर्बो सी चे प्रोग्रॅम १६ बिटचे. प्रोसेसर ६४ बिटच्या रीतीनं चालू लागला की डॉस या जुन्या सिस्टीमचे प्रोग्रॅम चालवायची जी सोय त्याच्यात पूर्वी वापरत, ती मिळत नाही. त्यामुळे ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम पहिल्यापासूनच चालत नव्हते, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. दोष एकट्या मायक्रोसॉफ्टवर टाकता येत नाही, दुकानदार टाकतात तरी.

सोर्स मागितला तर तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांकडे गावभागात होता. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचं कपाट बुडालं, त्यात फ्लॉप्याही गेल्या आणि सीड्याही. ‘सोर्स असेल तर पुन्हा कंपाइल करा’ हा सल्ला ऐकला की मला ते चिखलानं भरलेलं कपाट दिसतं.

मायक्रोसॉफ्ट, ॲपल, लिनक्स: यात कुणाचं वागणं बरं?

मायक्रोसॉफ्ट एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं वागत आलंय. धाकट्यांच्या चुका पदरात घेऊन घर चालवायचं. विंडोज ९५ च्या वेळचा सिमसिटीचा किस्सा सांगितला जातो: खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा, डॉसवर ते खपायचं, विंडोजवर खपेना. तेव्हा सिमसिटी चालू आहे का हे ओळखून मेमरी लगेच परत न घेण्याची सोय विंडोजमध्येच केली. चुकला खेळ आणि शिवलं विंडोजनं. असं हजार ठिकाणी शिवत गेलं की गोधडी जड होणारच.

ॲपल नोटीस देऊन घर रिकामं करून घेतं. २०१८ पासून ३२ बिटचे प्रोग्रॅम उघडताना इशारा यायला लागला, ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिनामध्ये ते चालायचे थांबले. आमच्या यार्डात मॅक नाहीत म्हणून मला तो हिशोब लांबूनच बघायला मिळाला. तारीख आधी सांगतात, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

लिनक्सच्या कर्नलची शपथ अशी की वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही. टॉरवाल्ड्स यांनी यावरून आपल्याच माणसांना जाहीर झापलंय. ती शपथ शंभर टक्के पाळतात असं नाही. ‘ए डॉट आउट’ हा जुना प्रोग्रॅमचा साचा २०२२ मध्ये निघालाच, पण तोवर तो वापरणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. या शपथेचा एक मोठा फायदा होतो. दहा वर्षांपूर्वीची लायब्ररी प्रोग्रॅमसकट एका कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमला वेगळं ठेवणाऱ्या खोक्यात) बांधून नव्या कर्नलवर ठेवली, तर बहुतेक वेळा ती सुखानं चालते. एका पतसंस्थेचा अहवाल काढणारा प्रोग्रॅम मी असाच ठेवलाय.

ओपनबीएसडी उलट्या टोकाला. मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत त्यांनी वेळ मोजायचं माप सगळ्या यंत्रांवर ६४ बिटचं केलं. जुने प्रोग्रॅम गेले, सगळं नव्यानं कंपाइल करा म्हणाले. त्यांना ते शोभतं, कारण त्यांचा सगळा सोर्स घरात आहे आणि वापरणाराही त्याच मातीतला. तीच रीत यार्डात आणली तर दुसऱ्या दिवशी सौदे वहीवर लिहावे लागतील.

आमची वेबसाइट एका रात्रीत पांढरी झाली. हाच प्रकार का?

भाऊबंदच. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतली ‘मायएसक्यूएल’ नावानं सुरू होणारी जुनी फंक्शन्स २०१३ च्या ५.५ मध्ये डेप्रिकेटेड झाली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० मध्ये काढली. ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ अखेर संपली, मग होस्टिंगवाल्यांनी एक एक करून आवृत्ती वर नेली. माझ्याकडे आलेल्या एका वेबसाइटच्या मालकाला होस्टिंगवाल्यानं ईमेल पाठवला होता. तो पत्ता त्याच्या भाच्यानं उघडून दिलेला, आणि भाचा पुण्याला. सूचना दिली आणि सूचना पोचली यात फरक असतो, तो असा.

कॉलेजात अजून टर्बो सी आहे. ‘गेट्स’ लिहू का नको?

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरचे परीक्षक काय म्हणतील या भीतीनं हा प्रश्न येतो, मला कळतं. टर्बो सी १९९० च्या आसपासचा. सी च्या १९९९ च्या मानकाची त्याला गंधवार्ता नाही, २०११ ची कुठून असणार? तो ‘गेट्स’ला हसतमुखानं आत घेतो. आणि मजा बघा, ६४ बिट विंडोजवर तो स्वतःच चालत नाही म्हणून डॉसबॉक्सच्या आत बसवून चालवतात. जुनं फंक्शन शिकवायला जुना कंपायलर, त्याला चालवायला खोटं डॉस.

आणखी एक गोंधळ दूर करतो. ‘क्लिअर स्क्रीन’ करणारं ‘सीएलआरएससीआर’ आणि ‘गेटसीएच’ ही मुलं डेप्रिकेटेड समजतात. ती सी च्या स्टँडर्ड लायब्ररीत कधी नव्हतीच, टर्बो सी च्या घरची होती. काढून टाकलेलं आणि मुळात नसलेलं यांत गल्लत करू नका, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

परीक्षेपुरतं लिहायचं तर लिहा, पण घरी जीसीसी हा ग्नू प्रकल्पाचा कंपायलर टाका. मे २०२४ मधल्या जीसीसी १४ पासून जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं की नुसती सूचना न देता कंपायलर चूक म्हणूनच थांबतो. ‘गेट्स’ लिहून बघा, दारातच अडवतो. मी वर म्हणालो ते हेच.

सूचना बंद करायची एक ओळ नेटवर मिळते. टाकली तर?

टाका आणि विसरा, म्हणजे मला गिऱ्हाईक मिळेल. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या कंपायलरनं २००५ च्या आवृत्तीपासून मजकुराची प्रत करणाऱ्या ‘स्ट्रकॉपी’वर सूचना द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ती गप्प करणारी ओळ कित्येक प्रोजेक्टच्या डोक्यावर देवाच्या नावासारखी बसलेली दिसते. खरं सांगायचं तर यात सूचना देणाऱ्यांचीही चूक होती. मायक्रोसॉफ्टनं सुचवलेली पर्यायी फंक्शन्स सी११ मध्ये ऐच्छिक म्हणून आली आणि जीलिबसीनं घेतलीच नाहीत. दोन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मग काय करायचं? पर्याय सगळीकडे नसताना हाकलणं म्हणजे एसटी बंद करून वडाप सुरू न करणं.

मग बदली काय वापरू?

‘गेट्स’ऐवजी ‘एफगेट्स’. त्याला जागेचं माप सांगावं लागतं. ओळीच्या शेवटचं एंटरचं चिन्ह ते आतच ठेवतं, ते काढायला विसरलात तर "नाव जुळत नाही" म्हणून दोन तास जातील.

मजकूर जुळवून जागेत भरणाऱ्या ‘एसप्रिंटएफ’ऐवजी ‘एसएनप्रिंटएफ’, त्यालाही जागेचं माप सांगता येतं.

‘स्ट्रकॉपी’ऐवजी ‘स्ट्रएनकॉपी’ टाकून निर्धास्त होऊ नका, ही फार जुनी फसगत आहे. जागा भरली तर ते शेवटचं शून्य घालत नाही. ओपनबीएसडीनं १९९८ मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ आणलं, जे शून्य घालतं. जीलिबसीनं त्याला पंचवीस वर्षं दारात उभं केलं आणि २०२३ च्या २.३८ मध्ये आत घेतलं. जुनं काढायला उशीर होतो म्हणून ओरडतात. नवं घ्यायलाही तितकाच होतो. मराठी मजकूर कापताना मात्र बाइट मोजून मधेच कापू नका, तीन बाइटच्या अक्षराचा तुकडा पडला की पट्टीवर चौकोन उमटतात.

२०३८ चं काय ऐकतोय? त्यात जुनी फंक्शन्स ठेवून भागेल का?

नाही, तिथे माझा नियम लंगडा पडतो. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणाऱ्या प्रोग्रॅमचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं आणि पुढच्या सेकंदाला थेट १९०१ मध्ये जातं. ३२ बिट यंत्रांसाठी लिनक्स कर्नलनं २०२० च्या ५.६ मध्ये आणि जीलिबसीनं २०२१ च्या २.३४ मध्ये ६४ बिटच्या वेळेची सोय केली. जुन्या प्रोग्रॅमला जुनं माप, नव्यानं मागितलं तर नवं. पण इथे जुनं माप देत राहणं म्हणजे त्या सकाळपर्यंतच सोबत करणं. पुढे फंक्शन असूनही उत्तर चुकणार.

आणि २०३८ पर्यंत थांबायचीही गरज नाही. पतसंस्थेत पंधरा वर्षांचं कर्ज आज टाकलं की शेवटचा हप्ता त्या तारखेपलीकडे जातो. तुमच्याकडे ३२ बिटचा जुना प्रोग्रॅम असेल तर एक खोटं खातं उघडून मुदत २०४१ ची टाकून बघा. मात्र चालू डेटावर करू नका, आधी कॉपी घ्या.

जुनं मशीनच जपून ठेवलं तर?

दोन-चार वर्षं निभेल. मग डिस्क जाईल किंवा कपॅसिटर फुगतील. ठेवायचंच असेल तर डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) चालवा, त्याला इंटरनेट देऊ नका, आणि ती प्रत तळमजल्यावर ठेवू नका. हे सांगलीत वेगळं सांगायला नको.

त्या पट्टीच्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं?

डॉसबॉक्सच्या मूळ आवृत्तीत प्रिंटरची सोय नाही, म्हणून डॉसबॉक्स-एक्स घेतलं आणि त्यात तो बसवला. दुसऱ्या दिवशी सौदे वेळेवर झाले. नंतर सहा महिने घालवून नवा प्रोग्रॅम लिहिला, मराठी पट्टी छापणारा. कवठेमहांकाळ त्यात पूर्ण मावतं.

मुनीमजींचा त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. नव्यावर पट्टी काढायची, मग तेच आकडे जुन्यात घालून हमाली-तोलाई ताळून बघायची, असं त्यांचं पूर्ण हंगामभर चाललं. एका मोठ्या पट्टीत बारा पैशांचा फरक निघाला आणि मला फोन आला. मी दोन तास बसून शोधलं. चूक जुन्याची होती. त्यानं रुपये-पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, धरले होते, आणि रक्कम लाखांच्या पुढे गेली की फ्लोटमध्ये शेवटचे पैसे नीट राहत नाहीत. १९९८ पासून हे असंच चालू होतं.

मुनीमजींनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं कुणाचे गेले?"